महायुद्धातल्या बॅटलशिप आणि विमानवाहू जहाजं: इतिहास शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या मोठ्या जहाजांचे कागद शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. या वाटेला नव्याने लागलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं चार ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे चुका जास्त होतात तिथे मी जास्त थांबलो आहे.

सुरुवात कुठून करू?

एका जहाजापासून. जमलं तर त्या जहाजाच्या एकाच दिवसापासून. "पॅसिफिकमधलं नाविक युद्ध" असा विषय घेतलात तर दोन वर्षांनी घरात पुस्तकांची रास असेल, पण स्वतः शोधलेलं एक वाक्यही हाती नसेल. त्यापेक्षा १० डिसेंबर १९४१ हा दिवस घ्या. त्या दिवशी मलायातल्या क्वांतानजवळच्या समुद्रात 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही दोन ब्रिटिश जहाजं जपानी विमानांनी बुडवली. ८४० माणसं गेली. भर समुद्रात, पूर्ण वेगाने चालणारी, तोफा चालवणारी इतकी मोठी जहाजं निव्वळ विमानांनी बुडवण्याची ती पहिलीच वेळ. या एका दिवसासाठी ब्रिटिश अहवाल, वाचलेल्यांचे जबाब, सोबतच्या विनाशिकांच्या नोंदी आणि जपानी विमानदलांचे कागद हे सगळं पाहावं लागतं. एकदा ते हाताखालून गेलं की दुसऱ्या कुठल्याही जहाजाचा माग काढता येतो.

कागद वाचायचा क्रमही पहिल्याच दिवशी ठरवून टाका. त्याच दिवशी लिहिलेला कागद आधी. मग आठवड्या-दोन आठवड्यांत लिहिलेला लढाईचा अहवाल. मग चौकशी समितीपुढचे जबाब. आठवणींची पुस्तकं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण आठवणी वाचायला सोप्या असतात. मीही तेच केलं होतं, आणि डोक्यात पक्क्या बसलेल्या चुकीच्या गोष्टी पुसायला नंतर फार वेळ लागला.

'युद्धनौका' म्हणजेच बॅटलशिप ना?

नाही. मराठी वर्तमानपत्रांत छोट्या कॉर्व्हेटपासून जपानच्या महाकाय 'यामातो'पर्यंत सगळ्यांना युद्धनौकाच म्हणतात. बॅटलशिप हा त्यातला एकच प्रकार: सगळ्यात जाड चिलखत, सगळ्यात मोठ्या तोफा. तोफा तशाच पण चिलखत कमी आणि वेग जास्त असेल तर बॅटलक्रूझर. वर सांगितलेली 'रिपल्स' आणि प्रसिद्ध 'हूड' या त्या जातीच्या. त्यामुळे एखाद्या मराठी लेखात "जर्मनांनी ब्रिटिश युद्धनौका बुडवली" असं वाचलंत तर ती मध्यम आकाराची क्रूझर होती की त्याहून लहान विनाशिका हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वतः लिहितानाही 'बॅटलशिप' हाच शब्द वापरा, तो आता मराठीत रुळला आहे. भारताच्या नौदलात बॅटलशिप कधीच नव्हती.

एकाच नावाची दोन-तीन जहाजं सापडतात. माझं कोणतं?

नावावर कधीच विसंबू नका. जहाज बुडालं की तेच नाव नव्या जहाजाला द्यायची रीत बहुतेक नौदलांत आहे. 'हर्मीस' घ्या. मुळापासून विमानवाहू म्हणूनच आखलेलं ब्रिटनचं ते पहिलं जहाज, १९२४ मध्ये सेवेत आलं आणि ९ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी बुडवलं. आपल्या ओळखीची 'विराट' हीसुद्धा आधी 'हर्मीस'च होती, पण ती दुसरी. तिचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा इतिहास शोधायला बसलात तर सुरुवातीची वर्षं गायब दिसतील, कारण १९४४ मध्ये बॅरो-इन-फर्नेसला तिचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तिचं नाव 'एलिफंट' होतं. 'हर्मीस' नाव ठरलेलं दुसरंच जहाज युद्ध संपल्यावर रद्द झालं आणि ते नाव हिच्याकडे आलं. म्हणजे जुन्या कागदांत 'एलिफंट' शोधायचं, १९४५ पासून 'हर्मीस', आणि १२ मे १९८७ पासून 'विराट'.

अमेरिकेतही तेच. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत बुडालेली 'यॉर्कटाउन' वेगळी आणि चार्ल्सटनला आज संग्रहालय म्हणून उभी असलेली वेगळी. तिथे सोय अशी की प्रत्येक जहाजाला क्रमांक असतो. बुडालेली सीव्ही-५, उरलेली सीव्ही-१०. पहिली गेल्याची बातमी आली तेव्हा दुसरीचं बांधकाम 'बॉनहोम रिचर्ड' या नावाने चालू होतं. नाव मध्येच बदललं. टिपण काढताना जहाजाच्या नावापुढे नेहमी क्रमांक किंवा जलावतरणाचं वर्ष लिहा.

विक्रांत महायुद्धातली आहे का? तिचे कागद कुठे मिळतील?

तिचा सांगाडा महायुद्धातलाच, पण ती महायुद्धात लढली नाही. टाइन नदीकाठच्या विकर्स-आर्मस्ट्राँग कारखान्यात १४ ऑक्टोबर १९४३ ला 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. मग काम थांबलं आणि अर्धवट जहाज जवळजवळ दहा वर्षं तसंच पडून राहिलं. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ते घेतलं, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फने ते पूर्ण केलं आणि ४ मार्च १९६१ ला तिथेच विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती 'विक्रांत' झाली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, तेव्हा तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेगा पडलेल्या होत्या आणि पूर्ण वेग गाठता येत नव्हता.

यावरून तिचे कागद कुठे असणार याचा अंदाज येतो. विकर्सचे कागद न्यूकॅसलला टाइन अँड वेअर अभिलेखागारात, हार्लंड अँड वुल्फचे बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात, ब्रिटिश नौदलाने आखलेल्या मूळ नकाशांसाठी ग्रिनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम, आणि भारतीय सेवेसाठी दिल्लीतला नौदलाचा इतिहास विभाग. मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ती १९७८ मध्ये स्थापन केली. १९७१ मध्ये ते पूर्वेच्या ताफ्यात 'कामोर्ता'चे कप्तान होते. चौकशीचं पत्र लिहायचं असेल तर या सोसायटीला आधी लिहा.

विक्रांत संग्रहालय होती तेव्हा मी तिच्यावर गेलो होतो. दुपारची वेळ होती, डेकचं पोलाद बुटाच्या तळव्यातून तापलेलं लागत होतं. पुढच्या टोकाचा चढ पायी चढून गेलो तेव्हा विमान उडवायला किती थोडी जागा मिळते ते पहिल्यांदा कळलं. २०१४ मध्ये ती भंगारात गेली आणि मुंबईतल्या दारूखाना भागात तिचे तुकडे झाले. मी तेव्हा लांबून पाहिलं. अर्धं जहाज उभं होतं, मधले मजले घराची भिंत पाडल्यावर खोल्या दिसाव्यात तसे उघडे पडलेले. तोपर्यंत मी तिचा एकही मूळ कागद वाचलेला नव्हता. त्यानंतर सुरुवात केली.

ब्रिटिश जहाजांसाठी नेमकं काय मागवायचं?

लंडनमध्ये क्यूला ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. नौदलाच्या सगळ्या कागदांवर 'एडीएम' ही अक्षरं आणि पुढे मालिकेचा आकडा असतो. सुरुवातीला तीनच मालिका पुरतात. एडीएम ५३ म्हणजे जहाजांची लॉगबुकं. युद्धकाळात एका जहाजाची एका महिन्याची एक वही. एडीएम १९९ म्हणजे युद्धातल्या मोहिमा, लढाया, काफिले यांचे अहवाल. एडीएम ११६ मध्ये मोठी प्रकरणं आणि चौकशा. सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. तिथे गेलात तर वाचकाचं ओळखपत्र काढून स्वतःच्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो विनामूल्य घेता येतात. लंडन परिसरात राहणारे मराठी लोक खूप आहेत. कोणी नातेवाईक असेल तर वस्तूचा पूर्ण क्रमांक आधी शोधून द्या, म्हणजे त्यांचा एक दिवस तुमचं वर्षाचं काम करून देईल.

जहाजाची रचना हा तुमचा विषय असेल तर 'शिप्स कव्हर' मागवा. रचनाकारांची ही फाइल: पहिला कच्चा आराखडा, आकडेमोड, "चिलखत अर्धा इंच कमी केलं तर किती टन वाचतील" अशी पत्रं, सगळं एकत्र शिवलेलं. ही ग्रिनिचच्या संग्रहालयाकडे आहेत, क्यूला नाहीत.

लॉगबुकात लढाईचं वर्णन असतं का?

बहुधा नसतं, आणि म्हणूनच ते मोलाचं. एका तासाला एक ओळ: दिशा, वेग, वारा, समुद्र किती खवळलेला, हवेचा दाब, तापमान. रोज किती माणसं आजारी तो आकडा. उजवीकडे शेरे: नांगर उचलला, तोफखान्याचा सराव, तेल भरलं. लढाईच्या दिवशीही लिहिणारा तोच अधिकारी तशाच आटोपशीर अक्षरात "शत्रूवर मारा सुरू" एवढं लिहून पुढच्या ओळीवर जातो. शौर्य दाखवायला कोणी लॉगबुक लिहीत नाही, म्हणून वारा कुठून होता, वेग किती होता, जहाज कधी वळलं याबाबत त्यावर भरवसा ठेवता येतो.

अडचण एकच: बुडालेल्या जहाजाची शेवटची वही जहाजाबरोबर जाते. 'हूड' २४ मे १९४१ ला ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या 'डेन्मार्क सामुद्रधुनी'त स्फोट होऊन बुडाली. १४१८ माणसांपैकी तिघे वाचले: ब्रिग्ज, टिलबर्न आणि डंडस. तिच्या शेवटच्या सकाळसाठी शेजारी लढणाऱ्या 'प्रिन्स ऑफ वेल्स'कडे आणि मागावर असलेल्या 'नॉरफोक', 'सफोक' या क्रूझरांकडे वळावं लागतं. शिवाय चौकशी. पहिल्या समितीने साक्षीदारांचे जबाब शब्दशः नोंदवलेच नाहीत. जहाजबांधणी विभागाच्या प्रमुखांनी त्यावर आक्षेप घेतला, म्हणून दुसरी समिती नेमली गेली आणि तिने दीडशेहून अधिक प्रत्यक्षदर्शींना ऐकलं. हे जबाब एडीएम ११६ मध्ये ४३५१ आणि ४३५२ या क्रमांकांना आहेत. ज्वाळा मुख्य डोलकाठीपाशी दिसली की आणखी मागे, यावर एकाच डेकवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांचं एकमत नाही. हा विषय करणाऱ्या प्रत्येकाने ती पानं एकदा तरी वाचावीत.

अमेरिकन जहाजांचं काय?

ते सगळ्यात सोपं. मेरीलंडमधल्या कॉलेज पार्कला त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि लढाईचे अहवाल मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर फुकट आहेत. रेकॉर्ड ग्रुप ३८ मध्ये रोजनिशी आणि अहवाल, २४ मध्ये डेक लॉग आणि खलाशांच्या याद्या, १९ मध्ये नकाशे. लढाईच्या अहवालाला जोडलेली परिशिष्टं सोडू नका. किती गोळे उडाले, बाँब कुठल्या मजल्यापर्यंत फुटत गेला, कुठला पंप बंद पडला हे तिथे असतं. जहाजाचा थोडक्यात इतिहास हवा असेल तर अमेरिकन नौदलाचा स्वतःचा जहाजकोश आहे. तो वाचा, पण तिथे थांबू नका.

जपानी येत नसेल तर जपानी जहाजांवर काम करता येतं का?

येतं, थोडा धीर हवा. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या दिवसांत जपानी लष्कराने आणि नौदलाने कागदांचे ढीग जाळले. तरी जे उरलं ते थोडं नाही. जपानच्या आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या केंद्राने २००१ पासून ते इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे, शोधायला इंग्रजी पानही आहे. जहाजाचं नाव कांजी लिपीत कुठून तरी नक्कल करून घ्या आणि शोधचौकटीत टाका. तारखा शोवा सनात असतात; त्यात १९२५ मिळवा. शोवा १७ म्हणजे १९४२.

कष्ट घेतल्याने काय हाती लागतं, ते मिडवेच्या उदाहरणाने सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा धडा तोच आहे. ४ जून १९४२ ला सकाळी साडेदहाच्या आत अमेरिकन डाइव्ह बाँबरनी (सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांनी) 'आकागी', 'कागा' आणि 'सोर्यू' ही तीन जपानी विमानवाहू जहाजं काही मिनिटांत पेटवली. चौथं 'हिर्यू' त्याच दिवशी संध्याकाळी पेटलं. युद्धानंतर मित्सुओ फुचिदा या 'आकागी'वरच्या वैमानिक अधिकाऱ्याने लिहिलं की जपानी विमानं डेकवर रांगेने उभी होती, इंजिनं चालू होती, पाच मिनिटं मिळती तर हल्ल्याला उडाली असती. ही "पाच मिनिटं" अर्ध्या शतकाहून जास्त काळ प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक माहितीपटात आली. ऐकायला ती फार परिणामकारक आहे. एका बाजूला नियती, दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं.

पण त्या जहाजांच्या विमानदलांच्या नोंदी जळल्या नव्हत्या. कुठलं विमान किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, हे त्यांत कोष्टकात लिहिलेलं आहे. त्या पाहिल्या तर बाँब पडायच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत रक्षणासाठी फिरणारी फायटर विमानं याच डेकांवर उतरत आणि उडत होती. डेकवर हल्ल्याची विमानं मांडलेली असती तर कुणालाही उतरता आलंच नसतं. खालच्या हँगरमधून लिफ्टने विमानं वर आणून ओळीत लावायला आणि इंजिनं तापवायला साधारण पाऊण तास लागायचा. म्हणजे टॉर्पेडो आणि बाँब लावलेली विमानं खालीच होती, आणि जहाजं आतून पेटली ती त्यामुळेच. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासात हे १९७१ मध्येच छापलं गेलं होतं. इंग्रजी वाचकांपर्यंत ते ठामपणे पोहोचायला २००५ उजाडलं, जॉनथन पार्शल आणि अँथनी टली या संशोधकांनी ती कोष्टकं समोर ठेवली तेव्हा. चौतीस वर्षं हे उत्तर छापील स्वरूपात कपाटात होतं, फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्या बहुतेकांनी तिकडे पाहिलं नाही.

अधिकृत कागदसुद्धा कधी मुद्दाम खोटा असतो, हेही जपानी जहाजांकडूनच शिकावं. 'यामातो'च्या तोफा ४६ सेंटीमीटरच्या होत्या, पण गुप्ततेसाठी त्यांच्या अधिकृत नावातच ४० सेंटीमीटर असं लिहिलेलं होतं.

आणि जर्मन?

फ्रायबर्गच्या लष्करी अभिलेखागारात जहाजांच्या युद्धरोजनिश्या आहेत. 'बिस्मार्क' या बॅटलशिपची मात्र नाही. २७ मे १९४१ च्या पहाटे शेवट दिसत होता, तेव्हा रोजनिशी आणि चित्रफिती जहाजावरच्या आराडो समुद्री विमानातून फ्रान्सला पाठवायचं ठरलं. विमान तयार झालं आणि तेव्हा लक्षात आलं की ते उडवणारा कॅटपल्ट तीन दिवसांपूर्वी 'हूड' बुडाली त्या लढाईत निकामी झाला आहे. एका पाणबुडीला येऊन रोजनिशी घेऊन जायला सांगितलं, तेही जमलं नाही. वाचलेल्या शंभराहून थोड्या अधिक माणसांचे जबाब आणि सोबत निघालेल्या 'प्रिंझ ऑयगेन' क्रूझरची रोजनिशी यांवर पुढची सगळी मांडणी उभी आहे. 'बिस्मार्क'च्या तळाचे नळ उघडून, पाणी आत घेऊन जर्मनांनीच ती बुडवली की ब्रिटिश माऱ्याने ती बुडाली, हा वाद त्यामुळेच इतका लांबला. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे: ती बुडणारच होती, आणि जर्मनांनी ते लवकर उरकलं.

दोन कागदांत वेळ जुळत नाही. कोण चुकलं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. जपानी नौदल जगात कुठेही असलं तरी टोकियोच्या घड्याळाने चालायचं. मिडवेला अमेरिकनांचे ४ जूनचे सकाळचे १० वाजून २५ मिनिटं म्हणजे जपानी कागदात ५ जून, सकाळचे ७ वाजून २५ मिनिटं. तारीखच बदलते. पर्ल हार्बरचा हल्ला म्हणूनच आपल्याकडे ७ डिसेंबर आणि जपानमध्ये ८ डिसेंबर. भारतातल्या नोंदी वापरताना लक्षात असू द्या की १९४२ ते १९४५ या काळात इथली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. वहीत तीन रकाने आखा: कागदातली वेळ, कुठलं घड्याळ, ग्रिनिचची वेळ. कंटाळवाणं आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

वजनाचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का?

कारण 'टन' एक नाही आणि 'वजन'ही एक नाही. ब्रिटिश टन १०१६ किलोचा, मेट्रिक टन १००० किलोचा. शिवाय १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने "स्टँडर्ड" वजन ठरवलं ते इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी सोडून; भरल्या जहाजाचं वजन त्याहून कित्येक हजार टन जास्त. करारात बॅटलशिपला ३५,००० टनांची मर्यादा होती, म्हणून कागदोपत्री सगळेच ३५,००० सांगायचे. जर्मनीने 'बिस्मार्क'चंही तेवढंच सांगितलं. खरं ४१,००० च्या वर होतं. आकडा लिहिताना कुठला टन आणि कुठलं वजन हे सोबत लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही.

फोटो खरा कुठल्या जहाजाचा हे कसं ओळखायचं?

फोटोखालच्या ओळीवर विश्वास ठेवू नका, जहाजाकडे बघा. तोफांचे बुरूज किती, धुराडी किती, डोलकाठीवर रडारची जाळी कुठली, रंगाचे पट्टे कसे. युद्धकाळात सेन्सॉर ब्रशने रडार पुसून टाकायचे, त्यामुळे "रडार नाही म्हणजे १९४० पूर्वीचा" हा तर्क चालत नाही. जपानी विमानवाहूंमध्ये फक्त 'आकागी' आणि 'हिर्यू' यांचा मनोरा डाव्या बाजूला होता. मनोरा डावीकडे दिसला की आनंद होतो, पण आधी निगेटिव्ह उलटी छापलेली नाही ना ते पाहा. डेकवरची अक्षरं किंवा बोटींची जागा ते सांगते.

सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं चित्रण म्हणजे 'बार्हम'चं. २५ नोव्हेंबर १९४१ ला भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारल्यावर ही बॅटलशिप कुशीवर कलली, माणसं तिच्या उघड्या पडलेल्या बुडावरून चालत पाण्याकडे निघाली, आणि तेवढ्यात कोठारांचा स्फोट झाला. जवळच्या जहाजावरून एका वृत्तपट छायाचित्रकाराने ते टिपलं. आठशे साठहून अधिक माणसं गेली आणि ब्रिटिश सरकारने दोन महिने ती बातमी दाबून ठेवली. आज तीच दृश्यं कधी 'हूड' म्हणून, कधी पर्ल हार्बर म्हणून दाखवतात. मला याचा फार त्रास होतो. ती माणसं कोण होती हे ठाऊक असताना त्यांचा मृत्यू दुसऱ्याच्या नावावर दाखवणं बरोबर नाही.

"अमुक जहाज बुडवलं" असे दावे कितपत मानायचे?

ज्याचं जहाज, त्याचे कागद त्याला दुजोरा देईपर्यंत मानू नका. जर्मन रेडिओने सप्टेंबर १९३९ मध्येच 'आर्क रॉयल' ही ब्रिटिश विमानवाहू बुडवली. ती खरोखर बुडाली नोव्हेंबर १९४१ मध्ये. ऑक्टोबर १९४४ मध्ये फोर्मोसाजवळच्या (आजच्या तैवानजवळच्या) हवाई लढाईनंतर जपानने अकरा विमानवाहू आणि दोन बॅटलशिप बुडवल्याचं जाहीर केलं. अमेरिकनांचं एकही जहाज बुडालं नव्हतं, दोन क्रूझर जबर जखमी झाल्या होत्या. यात सगळा प्रचार नसतो. रात्रीची वेळ, धूर, पेटून समुद्रात कोसळणारं स्वतःचंच विमान. थकलेल्या वैमानिकाला ते जळणारं जहाज वाटतं. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी कशी बुडाली याबद्दलही भारत आणि पाकिस्तान वेगळं सांगतात. दोन्ही मांडणी वाचा, मग लिहा.

माझे आजोबा युद्धात "बोटीवर" होते. ते बॅटलशिपवर होते का?

कोकणातून हा प्रश्न फार येतो. "बोटीवर" हा शब्द आपल्याकडे नौदलालाही वापरतात आणि व्यापारी जहाजालाही. रॉयल इंडियन नेव्हीकडे बॅटलशिप किंवा विमानवाहू नव्हतं. स्लूप, कॉर्व्हेट, सुरुंग काढणारी अशी छोटी जहाजं होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची पुष्कळ मुलं त्यांत होती, आणि त्याहून जास्त माणसं व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत आणि डेकवर. तेव्हा आजोबा बॅटलशिपवर नसण्याचीच शक्यता जास्त. त्याने त्यांचं काम हलकं होत नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'बेंगाल' या छोट्या भारतीय जहाजाने आणि 'ओंदिना' या डच टँकरने दोन मोठ्या जपानी हल्लेखोर जहाजांशी झुंज दिली आणि त्यातलं एक बुडालं.

घरात काय शोधायचं? व्यापारी जहाजावरच्या खलाशाकडे नोकरीचं पुस्तक असायचं. ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून त्या कागदालाच 'नळी' म्हणायचे. त्यात जहाजांची नावं आणि तारखा असतात, आणि एवढं मिळालं तर निम्मं काम झालं. पदकं असतील तर त्यांची कड भिंगाखाली बघा. भारतीयांना दिलेल्या पदकांवर बहुधा नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या विनामूल्य सूचीत शोधा. नावाची स्पेलिंगं पाच-सहा तऱ्हांनी करून पाहा, आडनाव सोडून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव टाका, कारण कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं आहे.

बुडालेली जहाजं सापडल्याने इतिहास बदलतो का?

काही वेळा. 'बिस्मार्क' १९८९ मध्ये सापडली, 'यॉर्कटाउन' १९९८ मध्ये पाच किलोमीटर खोल, 'हूड' २००१ मध्ये, 'मुसाशी' ही जपानी बॅटलशिप २०१५ मध्ये, 'कागा' आणि 'आकागी' २०१९ मध्ये. 'मुसाशी' अखंड बसली असेल असं पुष्कळांना वाटत होतं, प्रत्यक्षात तिचे तुकडे पसरलेले आहेत. पण या समाध्या आहेत. मलेशियाजवळची 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' भंगारासाठी चोरून फोडली जात आहेत, २०२३ मध्ये तिथल्या तटरक्षकांनी त्या संशयावरून एक चिनी बार्ज अडवलं. जहाजाच्या जागेचे अचूक अक्षांश-रेखांश तुमच्या हाती आले तर ते उगाच पसरवू नका.

प्रत्यक्ष चढून पाहता येईल असं काय उरलं आहे?

अमेरिकेत बरंच. 'मिसुरी' पर्ल हार्बरला, 'अलाबामा', 'नॉर्थ कॅरोलिना' आपापल्या राज्यांत. विमानवाहूंपैकी न्यूयॉर्कला 'इंट्रेपिड', सॅन डिएगोला 'मिडवे'. न्यूजर्सीतल्या मराठी घरांना 'न्यूजर्सी' ही बॅटलशिप कॅम्डनला हाकेच्या अंतरावर आहे. ब्रिटनने स्वतःची एकही बॅटलशिप ठेवली नाही, शेवटची 'व्हॅनगार्ड' १९६० मध्ये तोडायला गेली. जपानमध्ये कुरे इथे 'यामातो'ची एक-दशांश मापाची प्रतिकृती आहे, सव्वीस मीटर लांब.

घरात जुने फोटो आणि कागद सापडले आहेत. आधी काय करू?

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. नळीतला कागद कडक झाला असेल तर जोर लावून उलगडू नका, कागदाचं जतन करणाऱ्याला दाखवा. आहे तसा फोटो काढा, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मागे शिक्का, फोटोवाल्याचं नाव, गावाचं नाव असेल तर तेही. मग घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा आणि फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. जे सांगतील ते त्याच दिवशी तारखेनिशी वहीत उतरवा, आणि फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने फक्त नावं लिहा. शाई नको, ती पलीकडे उमटते.